गुंज, ग्रेन आणि छर्रा

हे विटा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं ठिकाण. या भागातली आणि शेजारच्या आटपाडीतली कितीतरी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. गलाईवाले म्हणतात त्यांना. अशाच एका घरातला हा काटा, मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा. आज त्यावर सोनं नाही, शिशाचा छर्रा आहे.

या घरची नात दहा मीटर एअर रायफल खेळते. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, वजनाला साधारण ५३० मिलिग्रॅम. आणि नेमाच्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका? अवघा अर्ध्या मिलिमीटरचा.

अमेरिकेत शिकारी लोक रायफलचा नेम सुधारायला काडतुसं घरी भरतात. वापरलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, साफ करायची, मापात आणायची, दारू पेटवणारा नवा प्रायमर बसवायचा, बंदुकीची दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. दारू जास्त घातली म्हणून नेम सुधारत नाही, उलट जिवावर बेतू शकतं. सुधारतो तो प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच निघालं तर. दारू कमी-जास्त झाली की वेग बदलतो, आणि दोनशे-तीनशे मीटरवर गोळी वर-खाली पडते. ती दारू तोलतात ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनारांची गुंज म्हणजेही एक बी. ती जवळपास दोन ग्रेन भरते. बारीक तोलायला माणसाने दोन्हीकडे दाणाच उचलला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि परवान्याशिवाय काडतूस भरणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. ते योग्यच आहे. पण एकसारखेपणाचा तो ध्यास छर्र्यांच्या डबीतही जपता येतो.

ही पोरगी काय करते बघा. प्रत्येक छर्रा उजेडात धरून फिरवते. छर्रा मध्ये बारीक असतो, मागचा भाग घागऱ्यासारखा पोकळ. हवेचा दाब आला की हा घागरा फुगून नळीला घट्ट बसतो. त्याची कड जराशी चेपलेली असली, तर हवा एका बाजूने निसटते. मग छर्रा बाजूला ठेवायचा. त्यानंतर वजन. चार-पाच मिलिग्रॅमचा फरक दहा मीटरवर फार नडत नाही. चेपलेली कड मात्र नडते. म्हणून डोळ्यांचं काम आधी, काट्याचं नंतर.

खरी परीक्षा रेंजवर. रायफल शिकंज्यात घट्ट आवळायची, म्हणजे हाताची थरथर मोजणीत येत नाही. एकेका बॅचचे दहा-दहा छर्रे झाडायचे. एका बॅचची भोकं पसरतात, दुसरीची एकात एक बसतात. कागद उचलून ती आजोबांना दाखवते. आजोबा चष्मा वर सारतात, निरखून बघतात आणि म्हणतात, "पोरी, हीच डबी धर. पण काटा थिरावल्याबिगर आकडा वाचू नको."

तिने दुसरी डबी उघडली आहे. सगळी तपासून झाली, की शिशाचे हात साबणाने धुवूनच ती जेवायला बसेल.