कोऱ्या कागदावरचे जबाब

[दृश्य १: टंकलिखित जबाबाचं पान, अगदी जवळून. काही ओळींवर पेनानं मारलेल्या आडव्या रेघा.]

हा एका पोलीस कॉन्स्टेबलचा जबाब आहे. तो ड्युटीवर होता आणि जे पाहिलं ते त्यानं लिहून दिलं. या रेघा त्याच्या हातच्या नाहीत.

अशी पानं शेकड्यांनी आहेत. २०१२ साली ती इंग्लंडमध्ये जगासमोर आली. त्याआधीची २३ वर्षं ज्या प्रश्नाभोवती गेली तो ऐकायला साधा आहे: पोलिसांच्या हातून चूक झाली, तर तिचा पहिला कागद कोण लिहितो आणि तो कोणाच्या हातून पुढे जातो?

[दृश्य २: जुनं चित्रण. मैदानात उतरलेली गर्दी. जाहिरातींचे फलक खांद्यावर घेऊन धावणारी माणसं. दहा सेकंद निवेदन नाही.]

१५ एप्रिल १९८९. शेफील्ड शहरातलं हिल्सबरो मैदान. एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्यानं सामना पाहायला आलेल्या दहा हजारांवर प्रेक्षकांसाठी आत शिरायची फिरती दारं होती फक्त सात. बाहेर रेटारेटी वाढत गेली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांच्या आदेशानं ‘सी’ फाटक उघडलं. लोंढा समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत गेला. ते कप्पे आधीच भरलेले होते आणि पुढे लोखंडी जाळी होती. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला.

या फलकांचा स्ट्रेचर झालाय. उचलणाऱ्यांत प्रेक्षक आहेत, तसे गणवेशातले पोलीसही आहेत. चित्रफीत इथे थोडी हळू केली आहे. डावीकडचा तो तरुण शिपाई पाहा, डोक्यावर टोपी नाही, गुडघ्यावर बसून कोणाची तरी छाती दाबतोय.

या दुर्घटनेनं शेवटी ९७ जीव घेतले. शेवटचा मृत्यू २०२१ मध्ये झाला.

[दृश्य ३: पोलिसाची खिशातली वही. बोट पानांच्या क्रमांकावरून फिरतं.]

ब्रिटिश पोलिसाच्या खिशात एक छोटी वही असते. तिची पानं क्रमांकित असतात. पान फाडायचं नाही. रिकामी जागा सोडायची नाही. दोन ओळींच्या मध्ये काही घुसडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता यायला हवा, आणि शेजारी आद्याक्षरं. एवढी काटेकोर शिस्त एका छोट्याशा वहीला का? कारण उद्या कोर्टात, किंवा स्वतःवरच चौकशी बसली तर, हीच वही बोलते. तिच्यातली वेळ आणि तिच्यातला शब्द मागाहून कोणाला वळवता येत नाही.

हिल्सबरोनंतर बंदोबस्ताला असलेल्या साउथ यॉर्कशायर पोलीस दलातल्या शिपायांना सांगण्यात आलं, की या वहीत नोंद करू नका.

त्याऐवजी कोऱ्या कागदावर आठवणी लिहा. काय पाहिलं, काय वाटलं, भीती वाटली असेल तर तीही लिहा. शिपायांनी मन मोकळं करून लिहिलं. ज्यांनी दुपारभर मृतदेह उचलले होते, त्यांच्यासाठी ती बहुधा पहिलीच मोकळी जागा असावी.

इथे थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं या कोऱ्या कागदावर उभं आहे. कोऱ्या कागदाला क्रमांक नसतो. तो परत पाठवता येतो, पुन्हा टाईप करता येतो, आणि आधीचा कागद होता हेच कोणाला कळत नाही.

[दृश्य ४: शेफील्डमधला रस्ता, संध्याकाळ. उपाहारगृहांच्या पाट्या.]

चारच दिवसांनी, १९ एप्रिलला, याच शहरातल्या एका उपाहारगृहात पोलीस फेडरेशनची, म्हणजे पोलिसांच्या संघटनेची बैठक भरली. मुख्य कॉन्स्टेबल, म्हणजे दलाचे प्रमुख, पीटर राइट तिथे आले. शिपाई संतापलेले होते, खचलेले होते, आणि सगळं खापर आपल्याच डोक्यावर फुटणार अशी धास्ती होती. दलाची बाजू भक्कम उभी करायची, असं तिथे ठरलं. दोष द्यायचा तर दारू पिऊन, तिकिटाशिवाय आलेल्यांना द्यावा, अशी भाषा झाली. त्याच दिवशी ‘द सन’ या दैनिकानं पहिल्या पानावर प्रेक्षकांवर घाणेरडे आरोप छापले होते. ते सपशेल खोटे होते.

खात्याचं मनोबल हा शब्द अशा वेळी फार कामाला येतो. आपल्या माणसांना सांभाळून घ्यायला हवं, असं म्हणतात. ते खरंही आहे, सांभाळायलाच हवं. पण त्या मैदानावरचा शिपाई काय लिहीत होता? वायरलेसवर काही ऐकू येत नव्हतं, काय करायचं ते सांगायला कोणी वरिष्ठ नव्हता, हुकूम देणारं कोणी दिसत नव्हतं. त्याचं मनोबल इथे तुटलं होतं. आणि नेमकं हेच कागदावरून पुसलं जाणार होतं.

[दृश्य ५: अभिलेखातली पानं, एकामागून एक. समासातल्या खुणा. एक जुना टाईपरायटर.]

आता प्रक्रिया पाहू. ती सावकाश समजून घेतली पाहिजे, कारण यात कुठेही आरडाओरडा नाही, कोणाला धमकी दिल्याचं दृश्य नाही. सगळं कार्यालयीन आहे.

शिपायानं हातानं लिहिलं. ते टाईप झालं. टाईप केलेली प्रत दलाच्या वकिलांकडे गेली. वकिलांनी वाचून शेरे मारले: हे गाळावं, याचा फेरविचार व्हावा. शेरे मारलेले कागद पोलीस मुख्यालयात परत आले. तिथे या कामासाठी अधिकाऱ्यांचं एक पथकच होतं. मग कागद पुन्हा शिपायापुढे, बदललेल्या मजकुरासह, सहीसाठी.

सांगण्यात येणारं कारण ऐकायला रास्त होतं. जबाबात वस्तुस्थिती असावी, मतप्रदर्शन आणि ऐकीव गोष्टी काढून टाकाव्यात. कुठलाही वकील हेच सांगेल. पण आधी शिपायांना काय सांगितलं होतं? मनात आलेलं सगळं लिहा. आणि मग काढलं काय? नुसत्या भावना नाही. नेतृत्व नव्हतं, संपर्क तुटला होता, ही वाक्यंही गेली. हुकूम आला नाही, हे मत कसं होईल? ती घटना आहे. तिथे उभ्या असलेल्या माणसानं कानानं अनुभवलेली घटना.

पुढे मोजदाद झाली. १६४ जबाबांत ठळक फेरफार झाले होते. त्यातल्या ११६ मधून दलाला अडचणीचा मजकूर काढला किंवा बदलला होता.

काही शिपायांनी सही करायला कुरकूर केली, काही अडून बसले. बहुतेकांनी सही केली. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. नोकरीत दोन-तीन वर्षं झालेल्या पोरापुढे वरिष्ठ अधिकारी कागद ठेवतो, वकिलांनी तपासलंय म्हणतो, दलाच्या भल्यासाठी आहे म्हणतो. हा माहितीपट बनवताना माझ्या डोळ्यांसमोर सतत तो शिपाई होता. त्याला खोटं लिहायला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं लिहिलेलं खरं तेवढं कमी करायला सांगितलं होतं.

हेच कागद पुढे वेस्ट मिडलँड्स पोलिसांकडे गेले, कारण तपास त्या दलाकडे होता. आणि दुर्घटनेच्या सरकारी चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांच्यापुढेही गेले.

[दृश्य ६: टेलर अहवालाचं मुखपृष्ठ. पान उलटतं.]

टेलर यांनी ऑगस्ट १९८९ मध्येच अंतरिम अहवाल दिला आणि मुख्य कारण सांगून टाकलं: पोलिसांचं नियंत्रण फसलं. प्रेक्षक नव्हे. त्यांच्यापुढे ६५ पोलिसांनी तोंडी साक्ष दिली होती. त्याबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते पोलीस प्रशिक्षण शाळेच्या भिंतीवर लावावं असं मला वाटतं. साक्षीचा दर्जा बहुतांशी हुद्द्याच्या उलट होता, असं ते म्हणतात. हुद्दा जितका वर, तितकी साक्ष पोकळ.

त्या दिवशी सामन्याच्या बंदोबस्ताचे प्रमुख होते मुख्य अधीक्षक डेव्हिड डकनफील्ड. पदावर येऊन १९ दिवस झाले होते. फाटक प्रेक्षकांनी जबरदस्तीनं उघडलं, असं त्यांनी त्याच दुपारी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्याला सांगितलं. ते खोटं होतं, ही कबुली त्यांनी दिली २०१५ मध्ये, मृत्यू-चौकशीत शपथेवर. मधे २६ वर्षं गेली.

खातेनिहाय कारवाई? सुरू झाली होती. डकनफील्ड १९९१ च्या नोव्हेंबरात प्रकृतीच्या कारणावरून निवृत्त झाले आणि ती तिथेच विरली. निवृत्त माणसावर कारवाई करता येत नव्हती. ही पळवाट इंग्लंडमध्ये बुजवायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. आता नोकरी सोडल्यानंतरही ठरावीक मुदतीत गंभीर गैरवर्तनाची सुनावणी होऊ शकते.

[दृश्य ७: ओरग्रीव्हचं जुनं चित्रण. घोड्यावरचे पोलीस, धावणारे खाणकामगार.]

हे चित्रण हिल्सबरोचं नाही. हे पाच वर्षं आधीचं, १८ जून १९८४ चं. ओरग्रीव्हचा दगडी कोळशापासून कोक बनवणारा कारखाना, संपावरचे खाणकामगार, आणि बंदोबस्ताला तेच साउथ यॉर्कशायर पोलीस दल. ९५ कामगारांवर दंगलीसारखे गंभीर आरोप ठेवले. १९८५ मध्ये खटला कोसळला. उलटतपासणीत उघड झालं, की वेगवेगळ्या पोलिसांच्या जबाबांत तीच ती वाक्यं होती, तोंडी सांगून लिहून घेतलेली. दलानं १९९१ मध्ये ३९ कामगारांना ४ लाख २५ हजार पौंड भरपाई दिली, चूक मात्र कबूल केली नाही. कोणाही अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही.

हे दृश्य मी मुद्दाम इथे जोडलंय. १९८४ मध्ये ज्या दलात जबाब सांगून लिहून घेतले गेले आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, त्याच दलात १९८९ मध्ये जबाब दुरुस्त करणं कोणाला विचित्र वाटलं नसेल. ओरग्रीव्हनंतर खरी चौकशी झाली असती, तर हिल्सबरोच्या शिपायापुढे तो कागद ठेवायला कोणी धजावलं असतं का? मला नाही वाटत.

[दृश्य ८: रिकामं मैदान, सकाळ. कॅमेरा पायऱ्यांवरून सरकतो.]

शिपायांचं काय झालं? अनेक जण मनानं कायमचे जायबंदी झाले. काहींनी मानसिक इजेच्या भरपाईसाठी आपल्याच मुख्य कॉन्स्टेबलविरुद्ध दावा लावला. तो हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि डिसेंबर १९९८ मध्ये फेटाळला गेला. ज्यांचं मनोबल राखायचं म्हणून कागद बदलले, त्यांच्या वाट्याला हे आलं. आप्त गमावलेल्या अनेकांचे असेच दावे त्याआधी १९९१ मध्ये फेटाळले गेले होते.

[दृश्य ९: लिव्हरपूल कॅथेड्रल, बाहेरून. मग पुन्हा अभिलेखाची पानं.]

१९९१ ची मृत्यू-चौकशी अपघाती मृत्यू म्हणाली. १९९८ मध्ये एका न्यायमूर्तींनी हे बदललेले जबाब पाहिले आणि नव्या चौकशीची गरज नाही म्हणाले. कुटुंबं मात्र हटली नाहीत. शेवटी लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. साडेचार लाखांवर पानं तिनं पाहिली आणि १२ सप्टेंबर २०१२ ला, आत्ता पडद्यावर दिसलं त्याच कॅथेड्रलमध्ये, आधी कुटुंबांसमोर अहवाल ठेवला. मूळ जबाब आणि बदललेला जबाब शेजारी शेजारी.

दोन पानं पडद्यावर आहेत. आवाज बंद करतोय. वाचा.

[पंधरा सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य १०: वॉरिंग्टन, न्यायालयाबाहेर. २६ एप्रिल २०१६. मिठ्या, गाणं.]

नव्या मृत्यू-चौकशीत ज्युरीनं निकाल दिला: बेकायदा मनुष्यवध, आणि प्रेक्षकांचा दोष नाही.

डकनफील्ड २०१९ मध्ये निर्दोष सुटले. जबाब बदलल्याच्या आरोपावरून तिघांवर चाललेला खटला मे २०२१ मध्ये न्यायाधीशांनी थांबवला. टेलर यांची चौकशी न्यायालयीन प्रक्रिया नव्हती, तेव्हा तिच्यासाठीचे जबाब बदलणं हा न्यायप्रक्रियेतला अडथळा ठरत नाही, असा तो निर्णय. शिक्षा झाली ती एकालाच, हिल्सबरो मैदान ज्यांचं, त्या फुटबॉल क्लबच्या माजी सचिवांना, साडेसहा हजार पौंड दंड.

२०२० पासून इंग्लंडमधल्या पोलिसांच्या वर्तन नियमांत एक भर पडली आहे: साक्षीदार म्हणून चौकशीला सहकार्य करणं हे आता कर्तव्य आहे, नाकारलं तर गैरवर्तन. सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेत एक विधेयक मांडलं गेलं. चौकशीपुढे सगळं खरं, स्वतःहून आणि पूर्ण सांगण्याची सक्ती सार्वजनिक अधिकाऱ्यांवर घालणारं. लोक त्याला हिल्सबरो कायदा म्हणतात. त्याच वर्षी जुलैमध्ये ओरग्रीव्हचीही चौकशी जाहीर झाली, ४१ वर्षांनी.

[दृश्य ११: अ‍ॅनफील्ड या लिव्हरपूल क्लबच्या मैदानावरचं स्मारक. दगडात कोरलेली नावं, वयांसह. एक हात नावावरून फिरतो. शेवटपर्यंत निवेदन नाही.]