कात्रजचं पाणी पेठांत कसं आलं

शाहू छत्रपती डिसेंबर १७४९ मध्ये वारले आणि मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्यात एकवटला. त्यामागोमाग कारकून आले, सरदार आले, सावकार आले, त्यांची घोडी-बैलं आली. एवढ्यांना पाणी कुठून पाजणार? मुठा जवळच, पण सखल. तिचं पाणी कावडीनं, पखालीनं वर आणायचं. वाड्यांतले आड उन्हाळ्यात तळ गाठत.

नानासाहेब पेशव्यांनी हा प्रश्न शनिवारवाड्यापासून सात-आठ किलोमीटर दक्षिणेला, कात्रजच्या पायथ्याशी सोडवला. आंबील ओढा अडवून एकाखाली एक दोन तलाव बांधले. बराचसा गाळ वरच्या तलावातच बसतो.

तिथून निघतो जमिनीखालचा दगड-चुन्याचा नळ. रुंदी सुमारे अडीच फूट, उंची सहा फूट! पाण्याला एवढी उंची लागत नाही. आत उतरून गाळ काढणाऱ्याला मात्र लागते. पंप नाही, मोट नाही, सगळा खेळ उताराचा. उतार जास्त पडला तर पाणी चुना खरवडतं, कमी पडला तर गाळ साचतो. वाटेत जागोजागी दिसणारे बुटके मनोरे म्हणजे उच्छ्वास. हवा आत कोंडली की प्रवाह अडखळतो, दाब वाढला की बांधकामाचे सांधे सुटतात; उच्छ्वासांतून हवेला वाट मिळते.

त्याच सुमारास पर्वतीपाशी आंबील ओढ्याला बांध घालून त्याचा प्रवाह वळवला. गावातून वाहणारं जुनं पात्र मोकळं झालं आणि तिथे वस्ती सरकली.

पाणी आधी पोचलं सरकारवाड्यात, म्हणजे शनिवारवाड्यात. तिथलं हजारी कारंजं म्हणजे सोळा पाकळ्यांचं कमळ, धारा १९६. नावातला हजार हा पुणेरी हिशेब समजा. पुढे काळा हौद, बदामी हौद असे हौद भरू लागले. पाणी फुकट होतं, पण सगळ्यांना नव्हतं. अस्पृश्य मानलेल्यांना हौदाला हात लावायची बंदी होती. पेशवाई बुडून पन्नास वर्षं झाली तरी ती उठली नव्हती. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतला आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला, तो याच शहरात.

पुढे खडकवासल्याचं धरण झालं आणि पुण्याची भिस्त तिकडे गेली. कात्रजच्या तलावांभोवती वस्ती वाढली, सांडपाणी त्यांत उतरू लागलं. जुना नळ आता फुटतो तो बहुधा वरच्या खोदकामामुळे, कारण पायाखालून तो कुठून जातो हे खोदणाऱ्याच्या नकाशात नसतं.