सभासद क्रमांक 214

(दृश्य: कपाटाचं दार उघडतं. जाड बांधणीची वही बाहेर येते.)

या कपाटाला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली सचिवांकडे, दुसऱ्याची खजिनदारांकडे. आत आहे संस्थेची सभासद नोंदवही, जी आता संगणकावर चढवायची आहे. सुरुवातीच्या पानांवर टाकाची शाई, पुढे बॉलपेन, आणि शेवटी शेवटी डिंकाने चिकटवलेले कपटे. पत्ता बदलला की जुना खोडून वर नवा लिहायचा. जागा संपली की समासात.

सभासद क्रमांक 214 पाहा. हेच नाव पुढे आणखी एका पानावर आलंय, तिथे नुसत्या आद्याक्षरांनी. माणूस एकच, की बाप-लेक? हे संगणकाला विचारून कळणार नाही. पावती पुस्तकांच्या स्थळप्रती काढाव्या लागतात, सह्या जुळवाव्या लागतात.

(दृश्य: बोट ओळीवरून सरकतं, थांबतं.)

एक जण मोठ्याने वाचतो, दुसरी टंकते, तिसरा पडद्यावरची ओळ वहीशी ताडून बघतो. दिवसभरात मोजकीच पानं होतात. होऊ देत. कारभार डिजिटल करायचा म्हटलं की बऱ्याच कार्यकारिणी आधी सॉफ्टवेअरची दरपत्रकं मागवतात. पण यादीतच घोळ असेल, तर चुकीच्या पत्त्यावरची पत्रं तेवढी लवकर जायला लागतात. या मंडळींनी आधी वही वाचायला घेतली, आणि तेच बरोबर केलं.

1970 साली संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांमध्ये मांडायची रिलेशनल पद्धत सुचवली. तिथे प्रत्येक ओळीला स्वतःची एकमेव ओळख लागते. नावावर भिस्त ठेवता येत नाही, ती सारखी असतात, लग्नानंतर बदलतात. मोबाइल नंबर कधी कधी अख्ख्या घराचा एकच असतो. राहिला सभासद क्रमांक. तो एकदा दिला की दिला, सभासद हयात नसला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही.

(दृश्य: पडद्यावरचा तक्ता. एक रकाना पुसला जातो.)

हा जन्मतारखेचा रकाना होता. ती कशाला लागते, असं एकीने विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून काढून टाकला. युरोपात 25 मे 2018 पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही हेच सांगतो: माहिती कामापुरतीच घ्या.

इतका खटाटोप ज्यासाठी, ती ही मतदार यादी. 1844 साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात 28 जणांनी सहकारी दुकान काढलं. त्या परंपरेतलं ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व जगभरच्या सहकारी संस्थांनी उचललं. यादीत नाव दोनदा आलं तर एकाच्या हाती दोन मतं जातात, आणि गळलं तर कुणाचं तरी हक्काचं मत जातं.

आता वर्गणीची स्मरणपत्रं आपोआप जातात, सर्वसाधारण सभेला काही जण घरूनही हजर राहतात. ईमेल नसलेल्यांना पत्र जातंच, ते बंद करायचं नाही असं ठरलंय.

(दृश्य: फलकावर कच्ची यादी. समोर काही सभासद.)

यादी पक्की करण्याआधी ती इथे लावली आहे. एक आजीव सभासद चष्मा पुसून स्वतःचं नाव शोधताहेत. सापडलं. आडनावातली वेलांटी चुकली आहे. त्यांनी पेन मागून घेतलं, चूक दुरुस्त केली, बाजूला सही केली.

ही दुरुस्ती उद्या तक्त्यात चढेल.