कुत्र्याला ज्येष्ठमध द्यावा का?

श्रोतेहो, नमस्कार. थंडी पडली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, कुत्रा खोकतोय, ज्येष्ठमध दिला तर चालेल का?" उत्तर आधीच सांगतो, म्हणजे कुणाला गॅसवरचं दूध बघायला उठावं लागलं तरी ते हुकणार नाही. धडधाकट कुत्र्याने एखादी काडी पळवून चघळली, तर घाबरू नका. पण औषध म्हणून रोज देऊ नका. चुकून एकदा, चालेल. रोज, नाही.

आता बंड्याची गोष्ट सांगतो. नाशिकला जुन्या वाड्यात गाण्याच्या एक बाई राहायच्या. त्यांचा बंड्या म्हणजे पांढराशुभ्र पॉमेरेनियन, वय बारा. शिकवणी सुरू झाली की तंबोऱ्याशेजारी त्याची जागा ठरलेली. (गाणं चालू असताना कुत्र्याला बाहेर बांधणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत. त्यालाही कान आहेत.) बंड्याच्या हृदयाची झडप गळत होती, म्हणून हृदयाची गोळी आणि अंगातलं पाणी काढणारी गोळी चालू होती. तब्येत बरी होती.

एका सकाळी बाईंचा फोन. "डॉक्टर, लवकर या हो, बंड्याचे मागचे पाय गेले!" जाऊन पाहतो तर बिचारा उठायला बघतोय आणि फरशीवर बसकण मारतोय. पाठीचा कणा दाबून पाहिला, दुखत नव्हता. पायांना संवेदना होती. जोर तेवढा नव्हता. रक्त तपासायला पाठवलं, तर पोटॅशियम २.४. साडेतीनच्या खाली गेलं की आम्ही सावध होतो, कारण पोटॅशियम फार उतरलं की स्नायूंचा जोर जातो. पाण्याच्या गोळीने पोटॅशियम उतरतं खरं, पण डोस तर कित्येक महिने तोच होता. मग आताच एवढं कसं उतरलं?

बाईंनी चहा ठेवला, पितळी डबी उघडली आणि सवयीने एक काडी तोंडात टाकली. मी विचारलं, "बाई, यातलं बंड्याला काही देता का?"

"काडी नाही देत, घशात अडकेल. पूड देते, मधातून, सकाळ-संध्याकाळ. खोकतो ना तो! माझ्या गळ्याला गुण येतो, मग त्याच्या का नाही येणार?"

माऊलीने जिवापाड प्रेमानेच दिलं होतं. पण बंड्याचा खोकला गळ्यातला नव्हता. वाढलेलं हृदय श्वासनलिकेवर दाबत होतं, त्याचा तो खोकला. आणि ज्येष्ठमधाला गोडी देणारं जे ग्लिसिरायझिन असतं, ते शरीराला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. पुन्हा सांगतो, मीठ-पाणी आत, पोटॅशियम बाहेर. इकडे गोळी पोटॅशियम काढतेय, तिकडे ज्येष्ठमधही तेच काढतोय. वर रक्तदाब चढतो, तो दुखऱ्या हृदयाच्या डोक्यावर.

पूड त्याच दिवशी बंद केली, पोटॅशियम सुरू केलं. ज्येष्ठमध थांबवला तरी त्याचा परिणाम आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो, तेवढा धीर धरावा लागला. मग बंड्या आपल्या पायांनी जिना उतरून अंगणात गेला.

हे फक्त कुत्र्यांचं नाही बरं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये चौपन्न वर्षांचा एक माणूस काही आठवडे रोज पाकीटभर, कधी दीड पाकीट काळी लिकरिस कँडी, म्हणजे ज्येष्ठमधाच्या अर्काची गोळी, खात होता. पोटॅशियम घसरलं, हृदयाची लय बिघडली आणि तो गेला. डॉक्टरांनी २०२० साली ही केस प्रसिद्ध केली.

तेव्हा ज्या कुत्र्याला हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, जी कुत्री गाभण आहे, ज्याला स्टिरॉइड किंवा पाण्याची गोळी चालू आहे, त्याला ज्येष्ठमध अजिबात नको. खोकल्याचं कारण आधी तपासून घ्या. (आणि नाशिकच्या उन्हात हस्की आणायचा बेत असेल, तर कृपा करून सोडा. आपला गावठी कुत्रा आणा, सोन्यासारखा असतो.)

परदेशातून पाहुण्यांनी आणलेल्या काळ्या लिकरिसच्या गोळ्या 'शुगर फ्री' असतील, तर पाकिटावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा. ते कुत्र्याला विषच. अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळते, पुढे यकृत निकामी होऊ शकतं. अशी गोळी पोटात गेली तर उलटी होते का म्हणून वाट बघत बसू नका. पाकीट हातात घ्या आणि कुत्र्याला घेऊन तडक दवाखाना गाठा. नमस्कार.