खडूच्या रेघा

(आधी काळ्या पडद्यावर यंत्रमागांचा आवाज. मग पूर्व भागातली गल्ली.)

खट्-खट्, खट्-खट्. सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही हा आवाज ऐकतच वाढलो. तो मध्येच थांबला, की आतल्या खोलीतून आजी म्हणायची, धागा तुटला बघ.

मागाच्या डोक्यावर ही जॅकार्डच्या पत्त्यांची माळ दिसतेय? भोक असेल तिथं धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. चादरीवरचं फूल उमटतं ते असं. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डची ही १८०४ सालची युक्ती. पुढं १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेची मोजणी भोकं पाडलेल्या पत्त्यांवरच झाली. म्हणजे कॉम्प्युटरचा पूर्वज आमच्या गल्लीत राबतोय. मग टेक्नॉलॉजीची कंपनी काढायला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्यालाच कशाला जायचं? मी आणि माझा मित्र नोकऱ्या सोडून परत आलो.

कंपनी काढणं अवघड नाही. प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक लागतात, किमान भांडवलाची अट २०१५ पासून उरलेली नाही, अर्ज ऑनलाइन. फक्त हिस्सा कुणाचा किती आणि एकजण सोडून गेला तर त्याच्या शेअरचं काय, हे मैत्री ताजी असतानाच कागदावर घ्यावं. आम्ही घेतलं.

खरं काम कारखान्यात होतं. माग किती चालला, किती वेळ बंद राहिला, हे कारखानदाराला मोबाइलवर दाखवणारं यंत्र आम्हाला करायचं होतं. पहिलं यंत्र प्रकाशाच्या सेन्सरवर चालायचं. दोन दिवसांत त्याच्यावर कापसाची पिंज बसली आणि ते आंधळं झालं. मग लोहचुंबक आणून खालच्या शाफ्टला बसवला. आकडा येऊ लागला, पण धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडं जाणारा तुकडा, जितक्यांदा जायचा त्याच्या बरोबर निम्मा. आठवडाभर आम्ही कोड तपासत बसलो. शेवटी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या अन्नांनी माग बंद केला आणि हातानं सावकाश फिरवून दाखवला.

"वरचा शाफ्ट एकदा फिरला की धोटा एकदा जातो. खालचा एकदा फिरेपर्यंत धोटा दोनदा गेलेला असतो. तुम्ही बसवलाय खाली."

चुंबक वर गेला, आकडा जुळला. स्टार्टअपला काय लागतं असं कॉलेजातली मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना गुंतवणूकदारांच्या आधी या अन्नांबद्दल सांगतो.

(भिंतीवर खडूच्या रेघा, जवळून.)

या रेघा विणकराच्या. एक चादर उतरली की एक रेघ. त्याची मजुरी नगावर, म्हणून हिशेब त्याचा त्यानं ठेवलेला. आमचं यंत्र दिसलं आणि तो गप्प झाला. मीटर आलं म्हणजे मजुरी कापणार, ही भीती. ती रास्तच होती, कारण आम्ही आकडा फक्त मालकाच्या मोबाइलवर पाठवत होतो. मग मागाच्या बाजूला विणकराला दिसेल असा छोटा पडदा लावला. त्याच्यावर शब्द नाहीत, नुसते आकडे, कारण कुणी तेलुगू बोलतं, कुणी मराठी, कुणी कन्नड.

पैशाचं मात्र आमचं गणित चुकलं. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं असा कायदा आहे. पण कारखानदाराचा पैसा माल खपल्यावर सुटतो आणि चादर खपते थंडीत. पहिलं बिल यायला सात महिने लागले. तेवढे दिवस घर चालेल अशी शिल्लक जवळ नसेल, तर नोकरी सोडू नका, हे मी कळकळीनं सांगतो.

(संध्याकाळ. पाळी सुटतेय.)

विणकर खडू खाली ठेवतो. भिंतीवर सहा रेघा, पडद्यावर सहा. दोन्हीकडं एकदा बघून तो डबा उचलतो आणि दारातून वळून विचारतो, "शेजारच्या मागाला कधी लावताय?"