बसलाय कुठं, टेकलाय नुसता

(मिसिसागातल्या एका वाचनालयाच्या तळघरात, कॅनडात नव्याने आलेल्या मराठी मंडळींसमोर नोव्हेंबरातल्या एका शनिवारी झालेलं बोलणं. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं आवरतं घेतलं आहे.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? बरं. सुरुवात करण्याआधी हे दोन नट पहिल्या रांगेत देतो. गाडीच्या चाकाचे नट. हातात घ्या, उलटे करून बूड बघा आणि पुढे द्या. दोन्ही वेगळे आहेत. काय वेगळं ते नंतर सांगतो. फक्त परत आले पाहिजेत. मागच्या वर्षी एक गेला तो गेलाच.

निमंत्रणात विषय लिहिलाय, 'छोट्या एसयूव्हीसाठी हिवाळी टायर आणि चाकं कशी निवडावीत'. मला वीस मिनिटं दिली आहेत. मी टायरच्या धंद्यातला नाही, एका बँकेचे डेटाबेस सांभाळतो. पण ऑक्टोबर लागला की ह्याच्या अंगात येतं, असं आमच्या घरी म्हणतात. तेव्हा आज तुम्ही अंगात आलेल्या माणसाचं ऐकताय, हे समजून ऐका.

इथे गाडी किती जणांनी घेतलीय? हात वर करा. आणि घेताना "ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, हिवाळ्याची काळजीच नको" हे किती जणांनी ऐकलं? बघा, हात खाली गेलेच नाहीत. हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि दुसऱ्या अर्ध्यात गाडी नाल्यात जाते. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की बर्फातून गाडी निघते झोकात. पण थांबायचं कशाने? ब्रेकने. आणि चारही चाकांना ब्रेक मारुती ८०० लाही होते! त्यासाठी कोणी वेगळे पैसे मोजले नव्हते. थांबणं आणि वळणं हे शेवटी रस्त्याला चिकटलेल्या रबराचं काम. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा तुकडा रस्त्याला टेकलेला असतो. चार तळहात, त्यावर दीड टन गाडी आणि आत तुमचं बिऱ्हाड.

आता रबर. गावाकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजायची, आठवतंय? आई ती गरम पाण्याच्या तपेल्यात ठेवायची. तेल तेच, बाटली तीच, पण उलटी धरली तरी थेंब पडत नाही. गाडीबरोबर सहसा येणाऱ्या 'बारमाही' ऑल-सीझन टायरच्या रबराचं साधारण सात अंशांच्या खाली तसंच व्हायला लागतं. एकदम नाही, हळूहळू. रबर कडक होतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरायचं सोडून वरून घसरतं. हे 'ऑल-सीझन' नाव ठेवणाऱ्याने उन्हाळा, पावसाळा आणि पुण्याचा हिवाळा असे तीन ऋतू मोजले असणार. हिवाळी टायरचं रबर मुळातच वेगळं असतं, सिलिका वगैरे घालून केलेलं. ते उणे वीसलाही नरम राहतं. वर नक्षीत सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. चाक दाबलं गेलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फ धरतात. म्हणजे प्रश्न बर्फाचा कमी आणि थंडीचा जास्त आहे. "बर्फ पडला की टायर बदलू" म्हणणाऱ्यांनी हे लिहून घ्या. शिवाय बर्फ पडल्या दिवशी टायरच्या दुकानात फोन लावून बघा, गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट लवकर मिळेल.

थोडं विषयांतर करतो. हे टायर फिनलंडमध्ये जन्मले. १९३४ मध्ये तिथल्या कारखान्याने ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारीसाठी काढला, त्याचं नाव हाक्कापेलिट्टा. हे सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचं नाव. त्यांची युद्धघोषणा होती 'हाक्का पाल्ले', म्हणजे कापून काढा! आपल्याकडे कोणी टायरला 'हर हर महादेव' नाव दिलं असतं, तसं हे. त्याच कारखान्याच्या वारशातल्या नोकियन कंपनीच्या टायरवर ते नाव आजही असतं.

नट कुठवर पोहोचले? तिसरी रांग? ठीक. मग ती गोष्ट सांगूनच टाकतो.

डिसेंबर २०१९. धाकटीच्या बारशाला आई-बाबा मिरजेहून आले होते. बाबा एसटीत होते, डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं. मी त्याच वर्षी जुनी होंडा सीआर-व्ही घेतली होती, २०१७ ची. गाडीचे मूळ टायर १८ इंची रिमवर होते. मी हुशारी केली. जाहिरात बघून एका माणसाकडून १७ इंची वापरलेले अलॉय रिम उचलले, भाव पाडून. होंडाचे नव्हेत, बाहेरच्या कंपनीचे. एका दुकानात त्यावर नवे हिवाळी टायर चढवून घेतले आणि घरच्या ड्राइव्हवेत मी स्वतः चाकं लावली. गाडीचे जुने नट वापरले. दुकानातल्या काउंटरवरच्या पोराला विचारलं होतं, जुने नट चालतील ना? त्याने फोनमधून मान वर न काढता "शुअर" म्हटलं. दुकानाचं नाव सांगणार नाही. चूक माझीही होतीच, मी 'शुअर'वर विश्वास ठेवला. पण नट नीट आवळले होते हो! टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक् करणारा पाना, विकत आणला होता, पुस्तकात लिहिलेत तेवढे १०८ न्यूटन-मीटर, प्रत्येक नटाला टक् आवाज. मी खूश.

दोन आठवड्यांनी किचनरला एका मित्राकडे जेवायला निघालो. ४०१ ह्या हायवेवर, उणे आठ तापमान, बाजूने अठरा चाकी ट्रक पाणी आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ उडवत चाललेले. बाबा पुढच्या सीटवर, माझं जाकीट घालून, डोक्याला सांगलीच्या बाजारातली कानटोपी. बोलता बोलता गप्प झाले. मान तिरकी केली.

"थांबव गाडी."

"बाबा, हा ४०१ आहे. इथे थांबत नाहीत."

"मग कुठं थांबत्यात तिथं थांबव. डावं पुढलं चाक बोलायलंय."

मला काही ऐकू येत नव्हतं. पण स्टिअरिंगला बारीक थरथर होती, जी मी रस्त्याच्या नावावर टाकली होती. मिल्टनच्या एक्झिटला उतरून पेट्रोल पंपाच्या कडेला लावली. बाबा बर्फात गुडघ्यावर बसले. पाना मागितला, आणि आवळायच्या ऐवजी त्याच्या टोकाने एकेका नटावर ठोकायला लागले. तीन नट ठणकन वाजले. दोन नुसते थप्. "आवळलेला नट वाजतो," म्हणाले, "रोज सकाळी गाडी सुटायच्या आधी हातोडी घेऊन ह्येच करायचो." मग थप् वाजलेल्या दोघांतला एक नट त्यांनी बोटांनी काढला. बोटांनी! पाना न लावता! उलटा करून बूड बघितलं, मग रिमच्या भोकात बोट घालून चाचपलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं दहावीच्या सहामाहीच्या गणिताच्या पेपरनंतर बघितलं होतं.

"आरं, ह्यो बसलाय कुठं? टेकलाय नुसता."

आता तुमच्या हातातले नट बघा. एकाचं बूड गोल आहे, चेंडूच्या कापासारखं. तो होंडाचा मूळ नट. होंडाच्या मूळ रिमच्या भोकातही तशीच गोल वाटी असते. दुसरा निमुळता, शंकूसारखा. बाहेरचे बहुतेक रिम ह्या शंकूसाठी बनवलेले असतात. मी शंकूच्या भोकात गोल नट आवळले होते. "नरसाळ्यात लिंबू ठेव," बाबा म्हणाले, "बसलं म्हणशील का?" ते एका बारीक कड्यावर टेकतं. टॉर्क रेंचला ते कळत नाही, तो आपला टक् करतो. मग चाक फिरतं, थंडी-गरमीने धातू आकसतो-फुगतो, आणि त्या कड्यावरची पकड सुटत जाते. बाकी चाकं तपासली, तर आणखी एका चाकाचा एक नट थप्.

किचनरच्या मित्राला फोन केला. तो वाटेत दुकानातून शंकूचे वीस नट घेऊन आला, सोबत त्याच्या बायकोने बांधून दिलेली बिर्याणी. मधल्या सव्वा तासात आई मागच्या सीटवर बाळाला घेऊन मला सांगत होती, की माझ्या लग्नात बाबांनी वऱ्हाडाची बससुद्धा इस्लामपूरच्या पुढे अशीच थांबवली होती आणि मुहूर्त सात मिनिटं पुढे गेला होता. ती तक्रार होती की कौतुक, मला अजून कळलेलं नाही. बाबांनी एकेक चाक उचलून विसाच्या वीस नट बदलले. त्या उणे आठमध्ये हातमोजे काढून. हातमोज्यात आटे कळत नाहीत म्हणे. नंतर दोन बोल्टही बदलावे लागले, त्यांचे आटे खाल्ले गेले होते.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे, टायरइतकीच चाकाची चौकशी करा. लोक टायरचे रिव्ह्यू रात्र-रात्र वाचतात आणि रिम मात्र चपलेसारखा, दिसला बरा की उचलला…

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं. वडे तयार.' अरे बापरे. मुख्य विषय तर राहिलाच. लिहून घ्या पटापट.

वेगळे रिम घ्याच. एकाच रिमवर दर सहा महिन्यांनी टायर काढ-घाल केली तर मजुरी दर वेळी आणि टायरच्या कडेला इजा वेगळी. लोखंडी की अलॉय? माझा कौल लोखंडी. दिसायला कढईसारखे, पण स्वस्त. खड्ड्यात वाकले तरी ठोकून बऱ्याचदा सरळ होतात, आणि मिठाने गंजले तर मन दुखत नाही. घेताना चार गोष्टी जुळवा. बोल्टचं वर्तुळ, म्हणजे बोल्ट किती आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास किती, सीआर-व्हीला पाच बोल्ट आणि ११४.३ मिलिमीटर. मधलं भोक, सीआर-व्हीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ६४.१ मिलिमीटरचा, बाहेरच्या रिमचं भोक मोठं असेल तर मधे कडी घालावी लागते, वापरलेले रिम विकणारा ती हमखास हरवून बसलेला असतो. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते. आणि नटाचं बूड, त्यावर मी पुरेसं बोललोय. बोल्टचं वर्तुळ प्रत्येक गाडीला वेगळं असू शकतं, सुबारू क्रॉसट्रेकला पाचच बोल्ट पण १०० चं. शेजाऱ्याची चाकं मागून आणू नका.

माप ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर असतं. रिम एक इंच लहान करायला हरकत नाही, टायरची भिंत उंच होते आणि खड्डे सोसते. एकूण व्यास तेवढाच राहिला पाहिजे. माझ्या मूळ १८ इंची टायरचा, २३५/६०आर१८ चा, व्यास ७३९ मिलिमीटर, हिवाळी १७ इंचीचा, २३५/६५आर१७ चा, ७३७. दोन मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरला पत्ताही नाही. फार लहान करू नका, ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाच्या आतला ब्रेकचा चिमटा, आडवा येतो. भार पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको.

टायरवर खूण बघा, तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ती बर्फावरच्या चाचणीनंतर मिळते. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) नक्षीच्या आकारावरून छापतात. ऑल-वेदर नावाच्या टायरवरही डोंगराची खूण असते. गाडी शहरातच फिरत असेल आणि चाकं ठेवायला जागा नसेल तर ते घ्या, ऑल-सीझनपेक्षा खूप बरे. चारही टायर बदला, दोन नकोत. पुढचेच बदललेत तर ब्रेक मारल्यावर मागचा भाग पुढे यायला बघतो. टायरच्या भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: ३८२४ म्हणजे २०२४ चा अडतिसावा आठवडा. वापरलेला घेताना नक्षी पाच मिलिमीटरच्या खाली असेल तर सोडा, गोटा व्हायची वाट बघू नका.

चाकं लावल्यावर शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. मी ते केलं नव्हतं. हवा दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय उतरते, वीस अंशांत भरलेली उणे दहाला पाचेक पीएसआय कमी भरते. काही गाड्यांत हवेचा सेन्सर चाकात असतो, मग नव्या रिमला वेगळे सेन्सर घ्या नाहीतर दिवा सोसा. माझ्या गाडीत तो हिशेब चाकाच्या गतीवरून होतो, बटण दाबून पुन्हा शिकवायचा.

विमा! ऑन्टारिओत २०१६ पासून हिवाळी टायरला सवलत देणं विमा कंपनीला बंधनकारक आहे. फोन करा, आपणहून देत नाहीत. इथे हिवाळी टायर सक्तीचे नाहीत. पण मॉन्ट्रियलला नोकरी लागून गाडी तिकडे नोंदवलीत तर १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी रस्त्यांवर तर १ ऑक्टोबरपासूनच.

झालं, झालं, उठतोय. नट कुठे आहेत? हा एक आला. निमुळता. गोल बुडाचा कोणाकडे राहिलाय? खिशात बघा, काका, हसू नका. तो मिल्टनचा आहे, आणि एप्रिलमध्ये मूळ रिम चढवताना मला वीसच्या वीस लागतात. मी वड्यांच्या टेबलापाशी उभा आहे.