हमीपत्रावरचं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

पहाटे साडेपाचला आमच्या सोसायटीच्या फाटकातून टँकर मागे घेतात, तेव्हा खालच्या मजल्यावरची लहान मुलं त्या आवाजानं जागी होतात. वॉचमन जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडतो, वहीत वेळ टाकतो, ड्रायव्हरची सही घेतो. महिनाअखेरीला देखभालीचा हिशेब करायला बसलो की सगळ्यांत मोठा आकडा त्या वहीतून निघतो. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं मान. चौघांच्या घराला ५४० लिटर, शंभर घरांना ५४ हजार. दहा हजार लिटरचे पाच टँकर रिकामे केले तरी कमीच पडतं.

मी पुण्याच्या हद्दीत नव्यानं आलेल्या गावात राहतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. त्या २३ गावांत पाणी, रस्ते, कचरा महापालिकेनं बघायचा असं ठरलं, पण नियोजनाचा अधिकार पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे राहिला. इमारत किती मजली होणार हे एका कार्यालयात ठरायचं आणि त्या मजल्यांवर पाणी चढवायची जबाबदारी दुसऱ्याच कार्यालयाची. मला सगळ्या दुखण्याचं मूळ इथंच दिसतं.

ही फट बुजवायला कागद निघाला हमीपत्राचा. महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन, असं बिल्डर लिहून देतो आणि परवानगी मिळते. आमच्याही इमारतीचं तसं हमीपत्र आहे. किल्ल्या हातात आल्या त्या दिवशी ते कुणी दाखवलं नाही. दोन वर्षांनी माहिती अधिकारात प्रत मिळाली, तोवर बिल्डर हिशेब मिटवून पुढच्या प्रकल्पावर गेला होता. पाणी कुणाकडे मागायचं, तर ज्या घरमालकानं त्या कागदावर कधी सहीच केली नाही, त्यानं स्वतःच्याच खिशाकडे.

बरं, टँकरच नको, नळ आला की सुटलो, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले. चालती-फिरती माणसं हातापायांतलं बळ जाऊन व्हेंटिलेटरवर गेली. तेव्हा नांदेडच्या विहिरीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. गावांना त्या विहिरीचं पाणी क्लोरिन टाकून दिलं जात होतं, पण शुद्धीकरण केंद्रातून गाळून येत नव्हतं. त्याच भागात उंच इमारतींना परवानग्या मात्र मिळत राहिल्या होत्या. शुद्धीकरण केंद्र आधी आणि मजले नंतर, हा क्रम कुणी धरलाच नाही.

आराखड्याचं म्हणाल, तर पीएमआरडीएनं ऑगस्ट २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा जाहीर केला. हजारोंनी हरकती नोंदवल्या, सुनावण्या झाल्या, लोक सातबारा आणि नकाशे घेऊन रांगेत उभे राहिले. शेवटी तो आराखडाच गुंडाळला गेला. इकडे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार चालला. ज्या काळात आमच्या गावांचा नकाशा बदलत होता, त्या काळात सभागृहात उठून बोलायला आमचा नगरसेवकच नव्हता. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि पाणीपुरवठा हे दोन्ही विषय नगरपालिकांच्या वाट्याचे म्हणून लिहिलेत, ते एकाच यादीत. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीनं तर महापालिकेतून बाहेर पडणं पसंत केलं, २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कर शहराचा आणि सोयी गावाच्या, ही तिथल्या लोकांची तक्रार मला रास्त वाटते.

परवानग्या आवरा म्हटलं की शेतकरी विचारतो, आमच्या जमिनीला आत्ता कुठं भाव आला, तर तुम्ही दार लावता? त्याचा प्रश्न खोटा नाही. पण पाण्याच्या दुसऱ्या टोकालाही शेतकरीच आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी. त्यातूनच कालव्यानं दौंड-इंदापूरच्या शेतीला पाण्याचं आवर्तन, म्हणजे ठरावीक पाळी जाते. आमच्या टाकीत जादा पडलेला प्रत्येक लिटर तिथल्या उभ्या उसाच्या, उन्हाळी पिकाच्या वाट्याचा असतो. म्हणून निवासी विभागाचा रंग नकाशावर भरताना दौंडच्या माणसालाही विचारायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आराखडा पुन्हा येईल, हरकती पुन्हा मागवतील. आपण बहुतेक रस्त्याची रुंदी आणि आपल्या गुंठ्यावरचं आरक्षण एवढंच बघून अर्ज करतो. या वेळी त्याच अर्जात आणखी दोन ओळी घाला. या विभागात वाढणाऱ्या माणसांसाठी पाणी कुठल्या टाकीतून आणि कोणत्या वर्षी येणार ते नकाशासोबत छापा. आणि पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यानं जलवाहिनी प्रत्यक्ष पाहून सही केल्याशिवाय भोगवटापत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची परवानगी देऊ नका. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख आहे ना, ते तिथंच खिडकीपाशी तपासा. सुनावणीला बोलावलं की पोच सोबत न्या, आणि टँकरची वहीसुद्धा.